सुरी शेवटी: एंडोक्राइन सर्जरीकडे वळणाऱ्यांसाठी

एमएसच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा परवा ओपीडी संपल्यावर दारात घुटमळत होता. शेवटी विचारलंच त्यानं, "सर, एंडोक्राइन करून परत सांगलीला आलं तर केसेस मिळतात का? की पुण्या-मुंबईतच बसावं लागतं?"

एंडोक्राइन सर्जरी म्हणजे थायरॉईड, पॅराथायरॉईड, किडनीवरची अॅड्रेनल अशा हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथींची शस्त्रक्रिया. मी त्याच्यापुढं त्या दिवसाची यादी सरकवली. तासगावच्या एक बाई, गळ्याची गाठ तीन वर्षं पदराआड झाकून आलेल्या. अथणीचे आजोबा, सोबत कानडीतलं मराठीत सांगायला नातू. मुतखड्यासाठी चारदा दवाखान्यात जाऊन आलेला एक ट्रकड्रायव्हर. केसेस आहेत. मिरजेत परगावचे पेशंट यायची सवय माझ्या जन्माआधीची आहे. प्रश्न वेगळाच आहे. सर्जन व्हायला निघालेल्या मुलांना कापायची घाई असते, आणि या शाखेत निम्मं काम सुरी हातात घेण्याआधी संपलेलं असतं. उरलेल्यातलं बरंचसं टाके काढल्यानंतर सुरू होतं.

वाटेचं थोडक्यात सांगतो. एमएस जनरल सर्जरी, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षांचं एमसीएच. जागा फार थोड्या. लखनौचं संजय गांधी पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी, चेन्नईचं मद्रास मेडिकल कॉलेज ही त्यातली जाणती ठिकाणं. घरापासून लांब जावं लागतं, भाषा बदलते, पहिले दोन महिने जेवण गळ्याखाली उतरत नाही. एमएसला असतानाच एक करा: गळ्याची सोनोग्राफी चालू असेल तेव्हा रेडिओलॉजिस्टच्या पाठीशी जाऊन उभे राहा. रिपोर्ट वाचणं निराळं आणि गाठीची वेडीवाकडी कड, आतले कॅल्शियमचे ठिपके डोळ्यांनी बघणं निराळं.

आता मी शहाणा कसा झालो ते. रेसिडेंट असतानाची गोष्ट, कुठली ते जाऊ द्या. पस्तिशीचा माणूस, पोटाच्या सोनोग्राफीत उजव्या किडनीच्या डोक्यावर पाच सेंटिमीटरची गाठ सापडलेली. सीटी झाला, रक्त जमवलं, केस यादीवर लागली. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम पेशंट बघायला आल्या. त्यांनी त्याला तीनच प्रश्न विचारले. डोकं दुखतं का? मधेच दरदरून घाम येतो का? छाती धडधडते का? त्यानं तिन्हींना मान डोलावली. मॅडम माझ्याकडं वळल्या, "मेटानेफ्रिन कुठंय?"

मेटानेफ्रिन म्हणजे अॅड्रेनॅलिन मोडल्यावर होणारं रसायन, त्याची तपासणी. ते कुठंच नव्हतं. आम्ही पाठवलंच नव्हतं. मॅडमनी केस रद्द केली आणि मी वॉर्डभर चरफडत हिंडलो. रिपोर्ट आला तेव्हा आकडे नॉर्मलच्या कितीतरी पट. फिओक्रोमोसायटोमा. गाठ अॅड्रेनलची, आणि आतून रक्तात अॅड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं सोडणारी. तशीच भूल दिली असती, नळी घालताना किंवा गाठीला हात लागताच बीपी अडीचशेच्या वर गेलं असतं आणि माणूस टेबलावरच गेला असता. मग दहा-चौदा दिवस अल्फा-ब्लॉकर, म्हणजे शिरा सैल करून बीपी उतरवणारं औषध, भरपूर पाणी, जेवणात मीठ. छातीची धडधड आवरणारा बीटा-ब्लॉकर लागलाच तर त्यानंतर, आधी कधीच नाही, हा क्रम झोपेतसुद्धा सांगता आला पाहिजे. अॅड्रेनलमध्ये गाठ दिसली की ती काय सोडते ते आधी शोधा. आपण कुठली तपासणी राहू दिली हे चारचौघांत विचारणारा भूलतज्ज्ञ मिळाला तर त्याचे पाय धरा. मी त्या मॅडमना आजही दिवाळीला फोन करतो.

थायरॉईडच्या ऑपरेशनबद्दल नवख्यांना वाटतं की गाठ काढणं अवघड. गाठ निघते. अवघड असतात तिच्या मागं चिकटलेले चार दाणे. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या या पॅराथायरॉईड ग्रंथी मसुरीच्या डाळीएवढ्या, वजन तीस-चाळीस मिलिग्रॅम, रंग कोल्हापुरी गुळासारखा तांबूस-पिवळा. भोवतीची चरबी त्याहून फिकट, पण रक्त लागलं की दोन्ही सारख्याच दिसतात. चुकून सुटलेला तुकडा ग्रंथीचा की चरबीचा, हे बघायला माझ्या सरांनी एक साधी युक्ती शिकवली. तो सलाईनच्या वाटीत टाकायचा. चरबी तरंगते, पॅराथायरॉईड बुडते. बुडाली तर त्यातली चिमूट पॅथॉलॉजिस्टकडं धाडून खात्री करायची, बाकीचे बारीक तुकडे करायचे आणि मानेच्या स्नायूत खिसा करून लावायचे. शेतात रोप लावतात तसं. काही आठवड्यांनी ते काम करायला लागतात.

हे सगळं नीट करूनही मी चुकलो. प्रॅक्टिसचं पहिलं वर्ष. जतच्या एक बाई, पूर्ण थायरॉईड काढलेला, दुसऱ्या दिवशी सकाळचं कॅल्शियम बरं होतं म्हणून घरी सोडलं. त्या रात्री साडेअकराला मुलाचा फोन. "डाक्टर, आईचं हात वाकडं झाल्यात. बोटं गोळा झाल्यात, सुटंनात. तोंडाभवती सकाळधरनं मुंग्या येत्यात म्हणत हुती, आमाला वाटलं अशक्तपणा आसंल." ऑपरेशननंतर कॅल्शियम सर्वांत खाली जातं ते दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. जत म्हणजे रात्रीचा दोन तासांचा रस्ता. तिथल्या एका डॉक्टरांना झोपेतून उठवलं, दहा मिली कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, सावकाश, दहा मिनिटं घेऊन द्यायला सांगितलं. फोन चालूच होता. पलीकडून बाईंचा आवाज आला, "सुटली बया."

तेव्हापासून माझ्या डिस्चार्ज कार्डावर पहिली ओळ औषधाची नसते. मराठीत आणि खाली कानडीत लिहिलेलं असतं: ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कॅल्शियमच्या दोन गोळ्या घ्या आणि लगेच फोन करा. आणि हे मी पेशंटला नाही, सुनेला किंवा मुलाला मोठ्यानं वाचायला लावतो.

पेशंट घरी गेल्यावर काय होतं हे बघायची खोड या शाखेच्या मुळाशीच आहे. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखरला थायरॉईडवरच्या कामासाठी 1909 साली नोबेल मिळालं. त्याचा हात इतका स्वच्छ होता की ऑपरेशनमधले मृत्यू त्यानं नगण्य करून टाकले. पण मला तो मोठा वाटतो तो 1883 सालामुळं. आपल्याच जुन्या पेशंटांना त्यानं परत बोलावून तपासलं. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती ते बहुतेक सुजलेले, सुस्त, बुद्धीनं मंदावलेले निघाले. थायरॉईड कशासाठी असतो हे तेव्हा नीट ठाऊकच नव्हतं. आपल्या हातून काय झालं ते त्यानं भर सभेत मांडलं. आज सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळी आहे म्हणून आपण निवांत असतो.

आवाजाचं सांगतो, कारण इथं तो प्रश्न हमखास येतो. सांगली नाटकवाल्यांची, मिरज गाण्याची. भजनी मंडळात न गाणारं घर शोधावं लागेल. मिरजेजवळच्या एका गावचे गृहस्थ आले, थायरॉईडची डावी बाजू लिंबाएवढी. "काळी चारला गातो मी. आवाज जाणार न्हाई न्हवं?" मी नेहमीचं सांगितलं. स्वरयंत्राची मुख्य नस थायरॉईडच्या मागून वर चढते, ती डोळ्यांनी दिसल्याशिवाय आम्ही पुढं जात नाही, तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. त्यांचं समाधान होईना. मग दुसरी नस सांगितली, वरच्या टोकाला धमनीला बिलगून जाणारी, केसासारखी. ती एका छोट्या स्नायूला हलवते आणि तो स्नायू स्वरतंतू ताणतो. गृहस्थ एकदम म्हणाले, "म्हंजे खुंटी. तार शाबूत, पण खुंटी ढिली." सतारमेकरांच्या गल्लीत वाढलेला माणूस. इतकी नेमकी उपमा मला तीन वर्षांच्या एमसीएचमध्ये कुणी दिली नव्हती. आता मी ती सगळ्यांना उसनी सांगतो. बोलण्यात फरक कळत नाही, वरचा षड्ज मात्र लागत नाही. म्हणून वरच्या टोकाच्या शिरा एका झटक्यात न बांधता ग्रंथीला चिकटून एकेक बांधायच्या. आणि ऑपरेशनआधी कानघसातज्ज्ञांकडून स्वरतंतू बघून घ्यायचे, प्रत्येकाचे. आधीपासूनच एक तंतू हलत नसेल तर ते आधीच कळलेलं बरं.

कॅन्सरबद्दल दोन शब्द, कारण बाहेर व्हरांड्यात नातेवाईक हाच शब्द दबक्या आवाजात उच्चारत असतात. "त्यास्नी सांगू नका." थायरॉईडचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर पॅपिलरी, आणि तो बहुतेकांना मारत नाही. मानेतल्या गाठींत पसरलेला असला तरी माणूस वर्षानुवर्षं जगतो. तेव्हा मी पेशंटला सरळ सांगतो. लपवलं की कॅन्सर मागं राहत नाही, तपासण्या मागं राहतात. एक सेंटिमीटरच्या आतले काही पॅपिलरी कॅन्सर तर न कापता नुसते नजरेखाली ठेवता येतात. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलनं 1993 पासून हे करून दाखवलं. आपल्याकडं हे पटवणं ऑपरेशनपेक्षा जड जातं. फॉलिक्युलर या थायरॉईडच्याच दुसऱ्या जातीच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी. सुईच्या तपासणीत फक्त पेशी दिसतात, त्या गाठीचं कवच फोडून बाहेर गेल्यात का ते दिसत नाही. म्हणून "फॉलिक्युलर निओप्लाझम" असा रिपोर्ट आला तर "कॅन्सर आहे की नाही, हो-नाही सांगा" म्हणणाऱ्या जावयापुढं शांत राहून, बहुतेकदा अर्धा थायरॉईड काढल्यावरच कळेल, हे सांगायला शिका. आणि मेड्युलरी, म्हणजे घराण्यात उतरू शकणारा थायरॉईडचा कॅन्सर, आला तर एकटा पेशंट तपासून थांबू नका. आरईटी जनुकाची चाचणी करा, दोष सापडला तर मुलंबाळं, भावंडं, सगळी बोलवा. आणि त्या पेशंटच्या गळ्याला हात लावण्याआधी फिओ, म्हणजे तीच फिओक्रोमोसायटोमाची गाठ, नाही ना, ते बघा. मेटानेफ्रिन कुठंय, हा प्रश्न इथंही आहेच.

तो ट्रकड्रायव्हर राहिला. चार वेळा खडे काढले, कॅल्शियम एकदाही कुणी बघितलं नव्हतं. माझ्याकडं त्याचं 12.4 आलं, नॉर्मलच्या वर, आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईडचं हार्मोन, वाढलेलं. एक पॅराथायरॉईड बोराएवढी झाली होती. खडे होत होते मूत्रपिंडात, कारखाना होता गळ्यात.

परवाच्या मुलाला मी कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. गुरुवारी ये म्हटलं, पेशंटच्या मागं उभं राहून गळा तपासायचा, आणि तपासताना त्याला घोटभर पाणी गिळायला लावायचं, म्हणजे गाठ बोटांखालून वर सरकते. गुरुवारी आला तेव्हा पाण्याचा तांब्या स्वतःच भरून आणला होता. पहिली पेशंट कवठेमहांकाळची, किडनीत खडा. त्यानं गळ्याला हात लावायच्या आधी फाइल उलटीपालटी केली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "सर, हिचं कॅल्शियम?"