मुलांमधलं डिप्रेशन ओळखायचं कसं? रडण्यापेक्षा चिडचिडीकडे बघा

आमचा मुलगा पाचवीत असताना रोज सकाळी साडेसहाला त्याचं पोट दुखायचं. रविवारी नाही दुखायचं, त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच मत, शाळा बुडवायची नाटकं. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, आजीने मीठमोहरीने दृष्ट काढली, मी एकदा खूप ओरडले त्याला, त्याचं अजून वाईट वाटतं. डबा उघडला की पोळीचा रोल एक घास तोडलेला, बाकी तसाच. आणि रविवारी पोट दुखत नसलं तरी हा खाली खेळायला जायचा नाही, बॅट दारामागे धूळ खात पडलेली, हे मात्र कुणी बघितलंच नाही. एरवी अंधार पडला तरी वर न येणारा मुलगा! डबा वेगळा, पोट वेगळं, बॅट वेगळी असं बघत राहिलो आणि तीन महिने गेले.

म्हणून पहिलं हे की मूल उदास दिसेल, रडेल याची वाट बघू नका. मोठी माणसं "मन लागत नाही" म्हणतात, मुलांना ते शब्द नसतात. ती चिडतात, वस्तू आपटतात, डोकं दुखतं पोट दुखतं म्हणतात, आवडीच्या गोष्टीलाही "नको" म्हणतात. झोप बिघडते, भूक कमी नाहीतर एकदम जास्त होते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. "मी ढ आहे", "मी कुणालाच आवडत नाही" असं वारंवार यायला लागलं तर ते हसण्यावारी नेऊ नका.

शेजारच्या मुलाशी तुलना करून काही कळत नाही. त्याची तुलना त्याच्याशीच करा, दोन महिन्यांपूर्वी कसा होता. एक साधी वही घ्या, रोज दोन ओळी, किती वाजता झोपला, काय खाल्लं, खेळला का, काय बोलला. एखादा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो, पण दोन आठवडे जवळजवळ रोज तेच चाललं असेल तर डॉक्टरांकडे जायचं. ही वही सोबत न्या, आमच्या डॉक्टरांना तिचाच जास्त उपयोग झाला.

बोलायचं कसं? समोर बसवून "काय झालं सांग" म्हटलं की मूल "काही नाही" म्हणतं आणि संपलं. आमचा स्कूटरवर मागे बसून बोलला, कारण तोंड दिसत नव्हतं. "हल्ली तू खेळायला जात नाहीस, मला दिसतंय" एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. उपदेश नको, "आमच्या वेळी" तर अजिबातच नको. शाळेत कुणी त्रास देतंय का, तेही हळूच विचारा.

आधी बालरोगतज्ज्ञ, कारण थायरॉइड किंवा रक्त कमी असलं तरी मूल असंच मरगळतं. ते नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा, त्यात लाज कसली. सौम्य असेल तर बहुतेक वेळा समुपदेशनापासूनच सुरुवात करतात. औषधं दिलीच तर घाबरून जाऊ नका, फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनवरचं औषध अमेरिकेत आठ वर्षांपासूनच्या मुलांना द्यायला मान्यता आहे, पण सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे बारीक लक्ष हवं आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाहीत.

आता सगळ्यात अवघड. मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं तर सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात खूळ शिरतं ही भीती खोटी आहे, उलट मूल मोकळं होतं. उत्तर हो आलं तर ओरडू नका, रडून त्याला घाबरवू नका, एकटं सोडू नका. गोळ्या, फिनाईल, शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, 24 तास चालतो, मराठीतही बोलतात, आणि तिथे आई-बाबांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. तो नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.