पोर्ट्रेटमधला माणूस कसा वाचायचा

पोर्ट्रेट बघताना बरेच जण "काय हुबेहूब काढलंय" म्हणतात आणि पुढे सरकतात, पण माणूस स्वभावाने कसा होता, कुठल्या मूडमध्ये बसला होता हे कळायला जरा थांबून बघावं लागतं. व्हेलाझ्केझ या स्पॅनिश चित्रकाराची दोन चित्रं फोनवर शेजारी शेजारी उघडा: पोप इनोसंट दहावे आणि हुआन दे पारेहा. दोन्ही रोममध्ये काढलेली, दोन्ही १६५० च्या आसपासची.

आधी अंगठ्याने पोपचे डोळे झाका. उरतात घट्ट मिटलेले ओठ. मग तोंड झाका, आता उरते ती तिरकी, समोरच्याला जोखणारी नजर. दोन्हीकडून एकच कळतं, की हा गृहस्थ सहजासहजी कोणावर विश्वास टाकणाऱ्यातला नाही. हेच मोनालिसावर करून बघा, तिथे धड काही हाती लागत नाही, कारण लिओनार्दोने ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरेच धूसर ठेवलेत आणि मूड नेमका तिथेच तर कळतो.

मग हात बघा, हे लोक हमखास विसरतात. पोपचा चेहरा एवढा सावध, पण अंगठीवाला उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर मस्त सैल सोडलाय, हुकूम सोडायची सवय असलेल्या माणसाचा हात वाटतो मला तरी.

रंगाचं म्हणाल तर पडदा लाल, खुर्ची लाल, टोपी लाल, वर चेहराही लालसर, त्यामुळे माणूस आत्ता भडकेल असं वाटत राहतं. पारेहाच्या मागे मात्र काहीच नाही, नुसता करडा-हिरवट रंग, म्हणून नजर थेट चेहऱ्यावर जाते. अंग एका बाजूला वळलेलं, मान ताठ, डोळे सरळ आपल्यावर. कोणी सरदार असेल असं वाटतं ना? तर हा त्या वेळी व्हेलाझ्केझचाच गुलाम होता, त्याच्या मुक्तीचा कागद त्याच वर्षी नोव्हेंबरात झाला. म्हणून आधी चेहरा आणि मान बघून स्वतःचं मत बनवा, माहितीची पाटी नंतर वाचा, नाहीतर पाटीवर वाचलेलंच चित्रात दिसायला लागतं. आणि कपड्यांवर तर फार जाऊच नका, पोपचे कपडे पद सांगतात, स्वभाव नाही.

पारेहा न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे. पोप रोममध्येच, दोरिया पाम्फिली गॅलरीत, आणि तिथे शिल्पकार बर्निनीने केलेला त्याच पोपचा संगमरवरी अर्धपुतळाही आहे, तेव्हा लाल रंग काढून टाकला तर त्या चेहऱ्यावर किती राग उरतो हे तिथल्या तिथे तपासता येईल.