उंच डोंगरांतून गाडीने जाताना: आधी मुक्काम ठरवा, मग रस्ता

सुट्टीत उंच डोंगरांतून गाडी न्यायची ठरली की बहुतेक जण नकाशावर दोन टोकं धरतात, किलोमीटर बघतात आणि हाताशी असलेल्या दिवसांनी भागतात. सपाट मुलखात हा हिशेब चालतो, पण डोंगरात हमखास फसतो. तिथे रात्री किती उंचीवर झोपणार आणि खिंडीत किती वाजता पोचणार, या दोन गोष्टींवर सगळा प्रवास उभा असतो. म्हणून मार्ग आखायला सुरुवात मुक्कामांपासून करा.

लेहचंच उदाहरण घ्या. तिथे जायचे दोन मोठे रस्ते आहेत, श्रीनगरहून आणि मनालीहून. दोन्ही साधारण सव्वाचारशे किलोमीटरचे, म्हणजे नकाशावर सारखेच. श्रीनगरहून निघालात की ३,५२८ मीटरवरची झोजी ला ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर मुक्काम पडतो. दुसऱ्या दिवशी ४,१०८ मीटरची फोतू ला चढून उतरायची आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला पोचायचं. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. मनाली आहे सुमारे २,०५० मीटरवर. तिथून निघून पहिलीच रात्र वाटेतल्या सरचूच्या तंबूत काढली, तर तुम्ही जवळपास ४,३०० मीटरवर झोपता. आणखी एक अडचण आहे. सरचूच्या अलीकडे बारालाचा ला आणि पलीकडे लाचुंग ला, दोन्ही सरचूहून उंच. रात्री कुणाचा जीव घाबरा झाला, तर खाली उतरण्यासाठी आधी वर चढावं लागतं. दोन रस्त्यांमधला हा सगळ्यात मोठा फरक किलोमीटरच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

उंचीची वही करा

वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: ठिकाण, तिथली उंची, आधीच्या ठिकाणापासूनचं अंतर आणि रात्री तिथे झोपणार की नाही. मग फक्त झोपायच्या जागांच्या उंचीवर बोट फिरवत खाली या. ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी काढा. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली येऊन झोपलात तर चालतं, किंबहुना तेच चांगलं. आकडा मोठी उडी मारत असेल तिथे मधे एक मुक्काम घाला. मनालीच्याच रस्त्यावर सुमारे ३,१०० मीटरवरच्या केलाँगला एक-दोन रात्री काढल्या, तर पुढचा प्रवास बराच सुसह्य होतो. सरचूची उडी तरीही मोठीच राहते, म्हणून जाणारे बरेच जण पहाटे निघून सरचूला न थांबता पुढे लेहला उतरतात. त्या दिवशी गाडी फार तास चालवावी लागते, तेव्हा चालवणारे दोघे असतील तरच हा बेत करावा असं माझं मत आहे.

विरळ हवेचा त्रास पोचल्या पोचल्या जाणवेलच असं नाही. बहुतेकदा सहा ते बारा तासांनी डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, झोप लागत नाही. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी आरक्षण करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

खिंडीचा मोसम आधी, तिकिटं नंतर

बऱ्याच उंच खिंडी बारमाही नसतात. आल्प्समधली २,७५७ मीटरची स्टेल्व्हियो असो की कॅलिफोर्नियातली ३,०३१ मीटरची टायोगा, दोन्ही हिवाळ्यात बंद असतात आणि उघडायची तारीख त्या वर्षीचं बर्फ ठरवतं. तेव्हा 'मेच्या शेवटी उघडते' या ऐकीव माहितीवर हॉटेलं घेऊ नका. रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याची ताजी सूचनाच प्रमाण माना. भर उन्हाळ्यातसुद्धा, दर १,००० मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे बॅग भरताना लक्षात असू द्या.

दिवसाचं वेळापत्रक

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये दिसणारे तास डोंगरात पुरत नाहीत. मी त्यात निम्मे आणखी मिळवतो. दरड, मेंढ्यांचे कळप, समोरून येणाऱ्या ट्रकसाठी थांबणं आणि फोटो, सगळं त्यात बसतं. अंधाराआधी तासभर मुक्कामी पोचायचं, असं धरून मागे मोजत निघायची वेळ काढा.

उन्हाळ्यात पहाटे निघणं सगळ्यात चांगलं. हिमनदीतून येणारे नाले रस्ता ओलांडतात, तिथे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत चढू शकतं, कारण ऊन चढलं की बर्फ वितळायला लागतं. अनेक पर्वतांत गडगडाटी पाऊसही दुपारनंतरच येतो. मोसमाच्या सुरुवातीला आणि अखेरीला मात्र गणित उलटं होतं. रात्री गोठलेलं पाणी सकाळी सावलीतल्या वळणांवर काचेसारखं पसरलेलं असतं. डांबर नुसतं ओलं दिसतं आणि चाक सुटतं. अशा दिवसांत ऊन रस्त्यावर येईपर्यंत चहा घेत थांबावं.

गाडी आणि इंधन

टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) नसलेलं इंजिन विरळ हवेत दर १,००० मीटरला साधारण दहावा हिस्सा ताकद गमावतं. भरलेली गाडी ४,००० मीटरवर ढिली वाटली तर घाबरू नका, खालचा गिअर टाका. खालच्या गिअरमध्ये इंधन जास्त जातं, म्हणून टाकी अर्धी झाली की पहिल्या मिळेल त्या पंपावर भरून घ्या आणि प्रत्येक टप्प्यावरचा शेवटचा पंप वहीत लिहून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर आणि सीमेपलीकडे न्यायची मुभा करारात आहे का, ते वाचा.

उताराची तयारी चढापेक्षा जास्त करा. घाटात गाडी चालवणारे जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि करपल्याचा वास येतो. पुढे पेडल दाबूनही गाडीचा वेग कमी होत नाही. वास आला की रुंद जागी थांबा, अर्धा तास ब्रेक गार होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका. लांब उतार कुठे आहेत, तेही वहीत आधीच लिहा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्या, कारण चढावर थांबून पुन्हा निघणं जास्त अवघड.

माघारीची जागा

प्रत्येक टप्प्यासाठी एक ठिकाण आणि एक वेळ ठरवा: दुपारी अमुक वाजेपर्यंत इथे पोचलो नाही, तर मागच्या गावी परतायचं. हे घरी, शांतपणे, सगळ्यांच्या संमतीने ठरवायचं. वळणावर गाडी उभी करून घातलेला वाद कधीच नीट सुटत नाही. आठवड्याच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवा, आणि तो शेवटी, परतीच्या विमानाच्या किंवा रेल्वेच्या आधी ठेवा. दरड पडून रस्ता अडला तर तोच दिवस कामी येतो.

निघायच्या आदल्या रात्री नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, कारण खिंडींत नेटवर्क नसतं. सीमेजवळच्या भागासाठी परवाना लागत असेल तर त्याच्या चार-पाच छापील प्रती गाडीत ठेवा. वहीच्या त्या पानाचा फोटो घरच्या एका माणसाला पाठवा आणि रोज संध्याकाळी किती वाजेपर्यंत निरोप येईल, नाही आला तर कुणाला फोन करायचा, हे त्याच फोटोखाली लिहा.