एरर मेसेज नीट करायचेत तर सुरुवात लेक्सरपासून करा

स्वतःची प्रोग्रॅमिंग लँग्वेज लिहिताना एकदा पार्सर (कोडची रचना ओळखणारा भाग) चालायला लागला की एरर मेसेजचं नंतर बघू असं होतंच, पण प्लीज तसं करू नका, नंतर सगळा कोड उसवावा लागतो. लेक्सर कोडचे जे छोटे तुकडे पाडतो (शब्द, आकडे, चिन्हं), त्यातल्या प्रत्येक तुकड्यासोबत म्हणजे टोकनसोबत नुसता लाईन नंबर नको, ते फाईलमधे कितव्या बाइटला सुरू झालं आणि कुठे संपलं हे दोन्ही ठेवा, आणि ही जोडी म्हणजे स्पॅन एएसटीच्या (पार्सर कोडचं जे झाड बनवतो त्याच्या) प्रत्येक नोडमधून पार टाइप चेकरपर्यंत (टाइप जुळतात का बघणाऱ्या भागापर्यंत) जाऊ द्या.

याचा उपयोग कुठे होतो तर समजा कंस बंद करायचा राहिला. पार्सर अडखळतो पार खाली, कधी पुढच्या ओळीवर कधी फाईलच्या शेवटी, आणि माणूस तिथल्या चांगल्या भल्या ओळीत चूक शोधत बसतो. पायथनमधे हेच व्हायचं, २०२१ मधे ३.१० आलं तेव्हापासून ते थेट उघडलेल्या कंसावर बोट ठेवून सांगतं की हा बंदच केलेला नाही. करायला सोपंय, उघडणारा कंस आला की त्याचा स्पॅन स्टॅकवर टाका, जोडीचा बंद होणारा आला की काढा, फाईल संपली तरी स्टॅकवर काही उरलं असेल तर त्यातला सगळ्यात वरचा दाखवा.

व्हेरिएबलचं नाव सापडलं नाही तर स्कोपमधल्या (तिथे वापरता येणाऱ्या) नावांशी लेव्हनश्टाइन डिस्टन्स (एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतील तो आकडा) मोजून जवळचं नाव सुचवा. पण तीन अक्षरी नावात दोन अक्षरं वेगळी असतील तर काहीच सुचवू नका, कारण एकदा चुकीचा सल्ला मिळाला की लोक पुढचे बरोबर सल्लेही वाचत नाहीत.

एका चुकीतून वीस एरर निघतात तो प्रकार तर फारच वाईट. ज्या एक्स्प्रेशनचा टाइप ठरला नाही त्याला वेगळा एरर टाइप द्या आणि तो कशाशीही जुळतो असं धरा, म्हणजे पुढची ओरड थांबते.

मेसेजचे शब्द? "आर्ग्युमेंट चुकीचे" असं मोघम नको, "या फंक्शनला २ आर्ग्युमेंट लागतात, इथे ३ दिलीत" असं लिहा, आणि फंक्शन जिथे डिफाइन केलंय ती ओळपण खाली दाखवा.

आणि मेसेजना टेस्ट लिहाच. रस्ट या लँग्वेजच्या कंपायलरमधे चुकीच्या प्रोग्रॅमशेजारी त्याचं अपेक्षित एरर आउटपुट फाईलमधे ठेवलेलं असतं, मेसेज जरा बदलला तरी टेस्ट फेल होते आणि रिव्ह्यू करणाऱ्याला नवा मेसेज डोळ्याने वाचावाच लागतो.