नावे-जमा: कीर्दीपासून तेरजेपर्यंत

प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. नावे (डेबिट) जितके, तितकेच जमा (क्रेडिट). मालमत्ता आणि खर्च वाढले की नावे. देणी, भांडवल आणि उत्पन्न वाढले की जमा. एवढं पाठ असलं की बाकीचा सराव.

समजा, बेळगावच्या शहापुरातल्या दुकानदाराने 10,000 रुपयांच्या साड्या महाराष्ट्रातल्या चंदगडच्या व्यापाऱ्याला उधारीवर पाठवल्या. अंतर साठ किलोमीटरच्या आत, पण मधे राज्याची हद्द! म्हणून 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी. कीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद अशी:

व्यापाऱ्याचे खाते नावे 10,500
विक्री खाते जमा 10,000
आयजीएसटी देय खाते जमा 500

तोच माल बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापूरला गेला असता, तर करापोटी केंद्राचा सीजीएसटी 250 आणि राज्याचा एसजीएसटी 250 अशा दोन जमा पडल्या असत्या. कर विक्री खात्यात घालू नका. ते सरकारचं देणं आहे, दुकानाचं उत्पन्न नव्हे.

नंतर खतावणी, म्हणजे प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यात चढवणं. मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची नावे-जमा यादी. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळायला हव्यात. तेरीज जुळली नाही तर फरकाला 9 ने भागून बघा. पूर्ण भाग गेला, तर बहुधा आकडे उलटे पडलेत: 5,400 चे 4,500 लिहिले की 900 चा फरक. नाहीतर फरकाची निम्मी रक्कम शोधा. ती चुकीच्या बाजूला चढलेली असू शकते.

तेरीज जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका. खानापूरच्या गिऱ्हाईकाची उधारी निपाणीच्या गिऱ्हाईकाच्या नावे पडली, तरी बेरजा तंतोतंत जुळतात. ही चूक बहुधा वसुलीला गेल्यावरच कळते.