सॅलडला पाणी सुटतं, धान्याचा गोळा होतो? फळं-धान्याच्या सॅलडमधल्या या चुका टाळा

पहिल्यांदा हे सॅलड केलं तेव्हा मोठ्या हौसेने मी रात्रीच सगळं उरकून ठेवलं होतं. किन्वा शिजवला, कलिंगड चिरलं, लिंबू पिळलं, मीठ घातलं, कालवलं आणि डबा फ्रिजमध्ये. सकाळी झाकण उघडलं तर आत गुलाबी खिमट. फोडी चोखून टाकल्यासारख्या, किन्वा टम्म फुगलेला, आणि तरीही तळाशी बोटभर पाणी. चव वाईट नव्हती, पण याला सॅलड म्हणायला जीभ रेटेना.

फळ पाणी सोडतं आणि धान्य पाणी पितं, हे तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं. पुढे बिघडलेलं जवळपास प्रत्येक सॅलड याच दोघांच्या ओढाताणीत बिघडलं.

धान्य ओलं असतानाच वाडग्यात घालणं

सॅलड बिघडल्याचा दोष आपण फळांना देतो, पण खरी चूक बरेचदा गॅसपाशीच झालेली असते. गरम खायच्या किन्व्याला वाटीला दोन वाट्या पाणी ठीक आहे. सॅलडसाठी पावणेदोन वाट्या पुरतात. मंद आचेवर साधारण 15 मिनिटांत दाण्याभोवती पांढरी शेपटी सुटलेली दिसते. ती दिसली की गॅस बंद. झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्या आणि मग लगेच परातीत पातळ पसरा. हे पसरणं टाळू नका. भांड्यातच ठेवलं तर वाफ झाकणाला लागून पुन्हा पाणी होते आणि धान्यावरच ठिबकते. परातीत तीच वाफ उडून जाते. दहा मिनिटांनी मूठभर किन्वा उचलून सोडा. दाणे सुटे पडले तर जमलं, हाताला चिकटले तर अजून थांबा.

बार्लीला मोजून पाणी घालायच्या फंदात पडू नका. पास्त्यासारखी, मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात उकळा आणि चाळणीत निथळा. पॉलिश केलेल्या बार्लीला 25 ते 30 मिनिटं लागतात, सालासकटच्या बार्लीला त्याच्या जवळपास दुप्पट. घड्याळापेक्षा दातांवर भरवसा ठेवा: मध्ये कच्चट लागायला नको, पण किंचित चिवटपणा हवा. फळाचा रस प्यायला थोडी जागा राहते ती तिथेच.

किन्वा न धुणं

सॅलड कडवट लागलं की लोक लिंबाच्या बियांवर संशय घेतात. बहुतेक वेळा कारण असतं सॅपोनिन, म्हणजे किन्व्याच्या दाण्यावरचा कडू थर. पाण्यात चोळला की त्याचा साबणासारखा फेस येतो. फेस यायचा थांबेपर्यंत धुवायचं. गाळणी बारीक जाळीचीच घ्या, नाहीतर निम्मा किन्वा सिंकमध्ये जातो. पाकिटावर ‘धुतलेला’ असं छापलेलं असलं तरी मी एक पाणी काढतेच.

घाईत भलतंच धान्य निवडणं

झटपट करायचं असेल तर कुसकुस घ्या. वाटीभर कुसकुसला वाटीभर उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण, मग काट्याने मोकळं करायचं. चमच्याने ढवळलंत तर गोळे झालेच म्हणून समजा. (कुसकुस हे मुळात धान्य नव्हेच; गव्हाच्या रव्याच्या बारीक गोळ्या असतात त्या. सॅलडला काही फरक पडत नाही.)

बल्गर आणि दलिया यांत मात्र गल्लत नको. दिसायला दोन्ही सारखेच, पण बल्गर म्हणजे आधी उकडून, वाळवून मग भरडलेला गहू. बारीक बल्गर गरम पाण्यात 15-20 मिनिटं भिजवला की तयार होतो. दलिया कच्च्या गव्हाचा असतो, तो शिजवावाच लागतो. बल्गरची कृती वाचून दलिया नुसता भिजवला की दाढा दुखतात.

तांदूळ वापरायचा असेल तर सॅलड त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये शिजलेल्या भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा खड्यासारखा लागतो. फळं घालण्याआधी पाण्याचा हबका मारून भात वाफेपर्यंत गरम केला की दाणा परत मऊ होतो. मग निववून वापरा. आणखी एक: शिजलेला भात काय किंवा दुसरं धान्य काय, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. शिजवूनही न मरणारे बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उबेत वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जाईलच असं नाही.

मीठ फळांवर घालणं

कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. त्यावर मीठ, साखर किंवा मध पडला की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून ड्रेसिंग फळांना नाही, धान्याला लावायचं, तेही धान्य कोमट असताना. कोमट दाणा ड्रेसिंग आत शोषतो. गार दाण्यावरून ते घसरून तळाशी जमतं. फळं मात्र धान्य पूर्ण निवल्यावर, आणि वाढण्याच्या फार तर अर्धा तास आधी घालायची. कोमट धान्यात स्ट्रॉबेरी घातलीत तर तिचा जॅम व्हायला लागतो.

ड्रेसिंगचं ठरलेलं प्रमाण तीन भाग तेलाला एक भाग आंबट असं सांगतात. फळांच्या सॅलडला ते मला तेलकट वाटतं, मी निम्मं-निम्मं घेते. संत्रं सोलून त्याच्या फाकी वाडग्यावर धरूनच सुटवते. पांढरी साल आणि पापुद्रा निघून जातो, खाली दोन-तीन चमचे रस जमतो. त्यातच लिंबू, तेल, मीठ, मिरपूड आणि थोडी मोहरीची पेस्ट घालून फेटायचं. मोहरीमुळे तेल आणि रस लगेच वेगळे होत नाहीत.

फळांची निवड आणि फोडी

केळं नकोच. काळं पडतं, बुळबुळीत होतं आणि सगळ्यांना चिकटतं. द्राक्षं, डाळिंब, संत्रं, सफरचंद ही भरवशाची. सफरचंद चिरल्यावर तपकिरी होतं ते हवेमुळे. लिंबाचा रस चोळला की पुरतं. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा आणि पुसून मग चिरा, नाहीतर ती पाणी पिऊन बसते.

फोडी मोठ्या ठेवणं ही दिसायला सुंदर पण खायला वैतागवाणी चूक. एका घासात नुसतं कलिंगड, पुढच्या घासात नुसता किन्वा. सेंटीमीटरभराच्या फोडी करा आणि द्राक्षं अर्धी कापा, म्हणजे चमच्यात दोन्ही एकदम येतात.

दही, पनीर किंवा चीज घालणार असाल तर ताजा अननस, किवी आणि पपई जपून. यांच्यातली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि काही वेळाने सॅलड कडवट लागतं. डबाबंद अननसाला ही अडचण नाही, कारण तो तापवलेला असतो. ताज्याच अननसाचा हट्ट असेल तर चकत्या तव्यावर आतपर्यंत चांगल्या गरम करून घ्या.

बिघडलंच तर

पाणी सुटलं असेल तर वाडगं तिरकं करून रस काढून घ्या आणि त्या रसात थोडा कोरडा कुसकुस अर्धा तास भिजवून परत मिसळा. सॅलड नुसतंच गोड-गोड लागत असेल तर त्याला मीठ-आंबट कमी आहे. गार पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळलेला बारीक कांदा आणि एखादी हिरवी मिरची चव ताळ्यावर आणते. बेचव वाटलं तर आधी फ्रिजबाहेर 15 मिनिटं ठेवून पुन्हा चाखा, थंडीत चव दबते. धान्याचा लगदाच झाला असेल तर सॅलडचा नाद सोडा: धान्य दुधात शिजवून खीर करा आणि फळं वरून घाला.

डबा न्यायचा असेल तर ड्रेसिंग लावलेलं धान्य खाली, फळं वेगळ्या कप्प्यात, आणि पुदिना व भाजलेले बदाम कागदात गुंडाळून. बदाम आधी घातले तर जेवायच्या वेळेपर्यंत ते रबरासारखे होतात.