जुन्या मसल कारमध्ये ट्विन टर्बो बसवताना

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप; ट्विन म्हणजे असे दोन. मापं घ्यायची ती व्ही-8 (आठ सिलिंडरचं) इंजिन, स्टिअरिंग बॉक्स आणि रेडिएटर जागेवर असतानाच. रिकाम्या इंजिन बेमध्ये (बॉनेटखालच्या जागेत) सगळंच मावतं. मॅनिफोल्ड (इंजिनातला एक्झॉस्ट टर्बोकडे नेणाऱ्या नळ्या) आधी नुसते टाचून घ्या, पूर्ण वेल्डिंग शेवटी.

खरी गोम तेलाच्या परतीत आहे. टर्बोतून तेल सहसा केवळ उतारानेच खाली येतं. म्हणून ड्रेन पाइप आतून पुरेसा रुंद, सतत उतरता आणि संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. मध्ये खोलगट बाक राहिला की तेल तुंबतं, सीलमधून झिरपतं आणि एक्झॉस्टमधून निळा धूर येतो. मग लोक उगाच चांगला टर्बो बदलतात!

ब्रेकच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण घाला. सुरुवातीला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) 0.4 बारच ठेवा आणि वाइडबँड सेन्सरवर (तो हवा-इंधनाचं प्रमाण दाखवतो) लक्ष असू द्या: बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं, म्हणजे त्यात इंधन कमी पडलं, तर पिस्टन वितळतात.